पाखरांची राखण

यंदा महालक्ष्म्यांच्या आधी घर झाडताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक गोफण सापडली. अंबाडीच्या दोरीची, मधली खोळ विणलेली, एका टोकाला बोटात अडकवायचा फास. उंदरांनी एक कड कुरतडली होती, तरी बाकीची शाबूत होती. मी ती केराच्या ढिगावर टाकणार तोच आई म्हणाली, "फेकतं कायले, बापू? राहू दे."

"आता ज्वारी राह्यली कुठी, तं पाखरं हाकलू कायचे?" मी म्हटले.

ती काही बोलली नाही. पदराने गोफणीवरची धूळ पुसली आणि देवळीत ठेवून दिली. संपादकांचे पत्र पोळ्याच्या आधीच आले होते. त्यांनी आमच्या जिल्ह्याच्या इतिहासावर काही लिहा असे सुचविले होते. वत्सगुल्म, वाकाटक, ताम्रपट असा थाटाचा लेख लिहायचे मी मनाशी ठरवूनही टाकले होते. पण त्या गोफणीने माझा बेत मोडला. वाकाटकही या लेखात येतीलच, पण ते आमच्या मागच्या अंगणातून येतील. वाचकांनी तेवढे सांभाळून घ्यावे.

आईचे माहेर मंगरुळपीर तालुक्यातले. दहा-बारा वर्षांची असताना ज्वारी निसवली की तिची रवानगी शेतात. चार मेढींवर फळ्या टाकून केलेला माळा, वर तुऱ्हाट्यांची सावली, कमरेला ओटीत बांधलेले खडे आणि हातात ही गोफण. कणसात दाणा भरू लागल्यापासून कापणी होईपर्यंत सूर्य उगवण्याच्या आत माळ्यावर हजर व्हायचे, कारण पाखरे पहाटेच उतरतात. दुपारी ती झाडात बसतात तेव्हा राखणदाराने भाकर खायची, आणि ऊन कलले की पुन्हा उभे राहायचे. शाळेत ती गेलीच नाही. पण कोणते पाखरू कणसाच्या शेंड्याला बसते, कोणते दांडा वाकवून खाते, कोणते खाली सांडलेलेच टिपते, पोपट किती खातो आणि किती नुसते कुरतडून टाकतो, हे तिला आजही तोंडपाठ आहे. भोरड्यांचा तिला विशेष राग. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही पाखरे काळ्या ढगासारखी येत आणि एका तुकड्यातले धान तासाभरात हलके करीत. त्या येतात कुठून हे तिला ठाऊक नव्हते. मी पुस्तकात वाचून सांगितले की त्यांची घरटी पार मध्य आशियात आणि त्याच्याही पश्चिमेला, खडकांच्या फटींत असतात, पावसाळा सरत आला की त्या आपल्याकडे येतात आणि चैत्राच्या सुमारास परत जातात. आई थोडा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, "म्हंजे माहेरी नुसतं बाळंतपणाले जातेत!" पक्षिशास्त्रावरच्या कोणत्याही ग्रंथात इतके नेमके वाक्य मला आढळलेले नाही.

आमचे मागचे अंगण असे फार मोठे नाही. एक जुना कडूनिंब, एक पेरू, कुंपणाला सीताफळी, विहिरीच्या कडेला शेवगा आणि एक पारिजातक. आई आता सत्तरी ओलांडून गेली. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हापासून तिचा बहुतेक दिवस मागच्या ओसरीत जातो. सकाळी मूठभर ज्वारी (हल्ली ती दुकानातून आणावी लागते) आणि परळात पाणी ठेवते. मग सातभाई येतात. नाव सातभाई असले तरी मी मोजले तेव्हा कधी पाच भरले, कधी नऊ. एकमेकांवर ओरडत पाचोळा उलटापालटा करतात. साळुंक्यांची जोडी येते, होले येतात, दयाळ विहिरीच्या काठावर शेपटी उभारून बसतो, तांबट कडूनिंबात ठोके देत असतो पण दिसत नाही. शेवगा फुलला की शिंजीर येतात. आणि खारी तर घरच्याच आहेत. शाळेतून आल्यावर मी तेथेच पाट टाकून वह्या तपासतो. माझ्या दोन कादंबऱ्याही त्याच ओसरीत लिहून झाल्या.

या जागेवर खोल्या काढाव्यात असा धाकट्या भावाचा विचार आहे. त्याचेही चुकते असे नाही. त्याची दोन मुले मोठी झाली, घर अपुरे पडते, आणि वाशीम आता पूर्वीचे राहिले नाही. १९०५ साली इंग्रजांनी आमचा जिल्हा मोडून अकोल्यात घातला, तो १ जुलै १९९८ रोजी परत मिळाला. तेव्हापासून कचेऱ्या आल्या, माणसे आली, जागेला भाव आला. पोळ्यानंतर भाऊ मिस्त्रीला घेऊन आला, फीत धरली, आणि मिस्त्री म्हणाला की कडूनिंब बरोबर भिंतीच्या रेघेत येतो. आई तेथेच ओसरीत बसलेली होती. भावाने विचारले तेव्हा ती म्हणाली, "तुमाले सोयीचं पडते तसं करा. माहं काय."

तेव्हापासून मी जे वाचत होतो त्यात मला सगळीकडे राखणदारच दिसू लागले.

आमच्या वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, चौथ्या शतकापासून पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंत. १९३९ साली येथे विंध्यशक्ती दुसरा या राजाचा ताम्रपट सापडला आणि या शाखेचा इतिहास उजेडात आला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी तो पुढे नीट मांडला. ताम्रपटात नांदेडकडचे एक गाव ब्राह्मणांना दान दिल्याची हकीकत आहे. वंशावळ संस्कृतात आणि पुढचा मजकूर प्राकृतात आहे. देण्याघेण्याची गोष्ट लोकांना कळावी म्हणून लोकांच्या भाषेत, असा मी त्याचा अर्थ लावतो. या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन स्वतः कवी होता. त्याने प्राकृतात 'हरिविजय' नावाचे काव्य लिहिले. सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजातक आणला, ती त्याची कथा. काव्य आज उपलब्ध नाही. आनंदवर्धनासारख्या जाणकारांनी त्याची वाखाणणी केली म्हणून ते होते एवढे आपल्याला कळते. आमच्या विहिरीकाठचा पारिजातक पाहिला की मला सर्वसेनाची आठवण होते. सकाळी तो सडा घालतो आणि दहा वाजेपर्यंत सगळे संपलेले असते.

याच सर्वसेनाच्या नावावर काही गाथा गाथासप्तशतीच्या टीकाकारांनी दिल्या आहेत. गाथासप्तशती म्हणजे हाल सातवाहनाने जमविलेला महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथांचा संग्रह. त्यात पुढेही भर पडत गेली. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, प्राकृताचा मला गंध नाही. पण स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली ही सप्तशती मराठी अर्थासह काढली, ती माझ्यासारख्यांवर मोठे उपकार करून गेली. या गाथांत राजे-राण्या थोड्या. नांगऱ्या आहे, त्याची बायको आहे, वाटसरू आहे, आणि भाताच्या शेतावर पोपट हाकलीत बसलेली मुलगीही आहे. माझ्या आईची ती दोन हजार वर्षांपूर्वीची मैत्रीण. तेव्हा भात, आता ज्वारी, एवढाच काय तो फरक.

त्यांतली एक गाथा मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त उदाहरणाला घेतल्यामुळे पंडितांच्या परिचयाची झाली आहे. कमळाच्या पानावर एक बगळी निश्चल बसली आहे, एवढेच एक तरुणी आपल्या सोबत्याला दाखविते. अलंकारशास्त्रज्ञ म्हणतात, येथे ध्वनी आहे. पाखरू बिनघोर बसले आहे, त्या अर्थी तळ्याकाठी माणूस नाही. आणि माणूस नाही, त्या अर्थी भेटीला ही जागा बरी. दिवाळी अंकात याहून अधिक फोड मी करीत नाही, घरात मुले वाचतात. पण मला त्यातले शृंगारापेक्षा निराळेच काही भावले. पाखराच्या बसण्यावरून भोवतालची माणसे ओळखणे ही विद्या त्या तरुणीला कोणी शिकविली? ही राखणदाराची विद्या. आई ओसरीत बसून न पाहता सांगते, "मांजर आली." कारण सातभाईंचा आवाज बदललेला असतो. "कोणी आलं वाटते," म्हणते, कारण खार एकाएकी गप्प झालेली असते. मम्मट पंडित होता, त्याने तिला ध्वनी म्हटले.

वाकाटकांच्याच काळात, हरिषेणाच्या राज्यात, अजिंठ्याची मोठी लेणी कोरली गेली. सोळाव्या लेण्यातला लेख त्याचा मंत्री वराहदेव याचा आहे, आणि सतराव्यात हंसजातकाचे चित्र आहे. ज्याने ते हंस रंगविले त्याने हंस नुसते ऐकलेले नव्हते, पाहिलेले होते. अधिक तपशील मी सांगत नाही. अजिंठा सर्वांनी पाहिलेला असतो.

कारंज्याची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या जिल्ह्यातली असूनही आमच्याच लोकांना फारशी माहीत नाही. कारंजा लाडच्या जैन ग्रंथभांडारांतल्या जुन्या पोथ्यांवरून 'कारंजा जैन ग्रंथमाला' निघाली. तिचा पहिला ग्रंथ म्हणजे पुष्पदंताचा 'जसहरचरिउ', प. ल. वैद्यांनी संपादून १९३१ साली प्रसिद्ध केला. भाषा अपभ्रंश, म्हणजे मराठीच्या आजीची. कथा अशी, की यशोधर राजाला त्याच्या आईने देवीपुढे बळी द्यायला सांगितले. त्याला जीवहत्या नको होती. म्हणून तडजोड निघाली आणि पिठाचा कोंबडा करून तो बळी दिला. कोंबडा पिठाचा असला तरी मारण्याचा संकल्प खरा होता, आणि तेवढ्या पापाने मायलेकांना जन्मोजन्मी पशुपक्ष्यांच्या योनीत फिरावे लागले. राजा आधी मोर झाला, आणि शेवटच्या फेऱ्यांत मायलेक दोघेही कोंबड्यांच्या जन्माला आले. लहानपणी आईने मला गोफण कधी शिकविली नाही. मी विचारले तर म्हणायची, "मले बापानं सांगतलं व्हतं, मारू नको, भेव दाव." हजार वर्षांपूर्वीची पोथी आणि माझे शेतकरी आजोबा यांची कधी गाठ पडली असेल असे नाही. दोघांना एकच प्रश्न पडला होता, एवढे खरे.

इंग्रजी अमदानीत पाखरांची शास्त्रीय नोंद सुरू झाली. डॉ. जर्डन नावाचा मद्रास पलटणीचा एक सर्जन होता. तो काही काळ आमच्या शेजारी जालन्याच्या छावणीत राहिला. त्याचा 'हिंदुस्थानचे पक्षी' हा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात निघाला. पुढच्या सर्व अभ्यासाचा तो पाया. जर्डन पक्ष्याच्या लॅटिन नावाखाली देशी नावेही देतो, त्यांत मराठी नावेही आहेत. ही नावे त्याला कोणी सांगितली? फासे लावणाऱ्याने, माळ्यावर बसणाऱ्याने, बाजारात तितर विकणाऱ्याने. ग्रंथात त्यांची नावे नाहीत. जर्डनला मी दोष देत नाही, त्याने निदान शब्द तरी टिपून ठेवले. त्याच्यानंतरचा ह्यूम, म्हणजे १८८५ साली काँग्रेसची स्थापना करण्यात पुढाकार घेणारा तोच ह्यूम. त्याने पंचवीस वर्षे जमविलेल्या पक्षिविषयक टिपणांची बाडे सिमल्याच्या घरातून नोकराने रद्दीत विकली. ती बाजारात पुड्या बांधायला गेली, आणि ह्यूमचे मन या छंदातून उडाले. त्या दुकानदाराने कोणत्या पक्ष्याच्या टिपणात जिरे बांधून दिले असतील, हा विचार कादंबरीकाराला सोडवत नाही.

मागच्या अंगणातून किती पाहता येते याचा आपल्याकडचा मोठा दाखला म्हणजे सालिम अली. १९३० साली त्यांच्यापाशी नोकरी नव्हती. अलिबागजवळ किहीमला सासरच्या लोकांचे घर होते, तेथे ते पत्नीसह राहात होते. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. शिडी लावून, कापडाच्या आडोशाआड बसून ते रोज तासन्‌तास पाहात राहिले. तोपर्यंत समजूत अशी, की नर-मादी मिळून घरटे बांधतात. अलींना दिसले की नर एकटाच अर्धे घरटे विणतो, मग माद्या येऊन तपासणी करतात, पसंत पडले तर राहतात. मादी अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसरे घरटे विणायला घेतो, दुसरीसाठी! हा शोध १९३१ साली प्रसिद्ध झाला आणि साऱ्या जगाने तो मानला. आईला मी ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "हे तं आमाले ठाऊकच व्हतं." मला ते खोटे वाटत नाही. तिला कोणी विचारलेच नव्हते.

आता खारीविषयी. खारीचा वाटा आपण सगळे उचलीत असतो. सेतू बांधताना तिने वाळूचे कण आणून टाकले, रामाने कौतुकाने पाठीवर तीन बोटे फिरविली, ते पट्टे आजतागायत आहेत. ही कथा वाल्मीकींच्या रामायणात नाही, लोकांच्या रामायणात आहे. मी ती दरवर्षी पाचवीच्या वर्गात सांगतो. दोन-तीन वर्षांपूर्वी एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरच्या खारीले पाच पट्टे हायेत." वर्ग हसला. मीही हसलो, आणि त्याला खाली बसविले.

संध्याकाळी घरी येऊन पाहिले. कडूनिंबाच्या खोडावर खार डोके खाली करून चिकटली होती. मधले तीन पट्टे ठळक होते, आणि दोन्ही कुशींवर एकेक फिकट पट्टा. पाच! चाळीस वर्षे ज्या प्राण्याच्या सहवासात काढली त्याच्या पाठीवरचे पट्टे मी मोजलेच नव्हते. कथेत तीन होते म्हणून डोळ्यांना तीनच दिसत होते. मागाहून कळले की या दोन निराळ्या जाती आहेत. दक्षिणेकडची तीन पट्ट्यांची, तिला लिनीअसने १७६६ साली नाव दिले. उत्तरेकडची पाच पट्ट्यांची, ती निराळी आहे हे ठरायला १९०५ साल उजाडले. ते ठरविले राउटन या जंगलखात्यातल्या अधिकाऱ्याने, सुरतेकडच्या नमुन्यावरून. पुढे १९११ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने देशभरच्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली, तिच्यामागेही हाच राउटन होता. म्हणजे शास्त्रज्ञांनाही तीनाचे पाच करायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली, आणि आमच्या पाचवीतल्या पोराला एक सकाळ. दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्याची माफी मागितली. रामाची कथा मात्र बदलली नाही. तो मुलगाच म्हणाला, "दुसऱ्यांदा लक्षुमनानं दोन बोटं फिरवली असतीन, गुरुजी."

हे सगळे लिहिताना जे नाहीसे झाले त्याची यादी मनात आपोआप होत राहते. मी प्राथमिक शाळेत होतो, म्हणजे १९८५ च्या आसपास, तेव्हा गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की तासाभरात गिधाडांची पंगत बसे. आम्ही पोरे दुरून पाहात असू. मी नोकरीला लागेपर्यंत ती दिसेनाशी झाली होती. कारण २००४ साली कळले. गुरांना देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचे औषध मेलेल्या जनावराबरोबर गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ साली गुरांसाठी ते बंद करण्यात आले. तोवर देशातल्या तीन जातींच्या शंभर गिधाडांतली पंचाण्णवांहून अधिक गेली होती. गंमत अशी की गिधाड हे एकच पाखरू असे होते की ज्याची राखण करावी असे कोणाच्याही मनात आले नाही. ते घाण, अपशकुनी. म्हणून ते चालले हेही कोणी वेळेवर पाहिले नाही.

ज्वारीचे तसे नाही, ती आम्ही डोळ्यांदेखत घालविली. सोयाबीन आले. तीन-साडेतीन महिन्यांत पैसा हाती, आणि पाखरांचा त्रास नाही. शेतकऱ्याला कोणत्या तोंडाने नावे ठेवायची? पण ज्वारीबरोबर माळा गेला, हुर्डा गेला, कडबा गेला, आणि पाखरे ओळखणारी पोरेही गेली. भोरड्या अजून येतात. फाल्गुनात पळस आणि काटेसावरी फुलली की त्यांच्यावर त्यांची झुंबड पडते. पण त्यांना भोरड्या म्हणणारे कमी उरले. माझ्या वर्गातली मुले नुसते 'पक्षी' म्हणतात.

तणमोराची गोष्ट याहून कठीण. कोंबडीएवढा हा पक्षी, गवताळ रानात राहणारा. पावसाळ्यात नर काळापांढरा होतो, डोक्यामागे तुरे फुटतात, आणि मादीने पाहावे म्हणून दिवसातून शेकडो वेळा गवतावर उंच उडी मारतो. अकोला-वाशीमच्या माळरानांत तो अजून अधूनमधून दिसतो. २०२१ पासून जगातल्या अत्यंत धोक्यातल्या पक्ष्यांत त्याची गणना आहे. त्याला आमच्याकडे खरे ओळखतात ते फासेपारधी. १८७१ च्या कायद्याने अशा कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते, तो कायदा १९५२ साली गेला. समाजाच्या मनातला अजून जायचा आहे. याच पारध्यांपैकी काहींनी 'संवेदना' या संस्थेच्या साथीने गवताची राखण सुरू केली आहे. चराई आवरायची, वणवा लागू द्यायचा नाही, तणमोर कोठे उडी मारतो त्याची नोंद ठेवायची. फासा लावायला जी नजर लागते तीच राखायलाही लागते. जर्डनच्या पुस्तकात ज्यांची नावे आली नाहीत, त्यांचेच हे नातू-पणतू.

परवा रविवारी भाऊ सहकुटुंब आला होता. खोल्यांचा विषय निघाला नाही, निदान माझ्यासमोर नाही. मिस्त्रीने दिवाळीनंतरची तारीख दिली आहे. भावाचा धाकटा मुलगा ओसरीत आजीशेजारी बसून खारीचे पट्टे मोजत होता. खार काही केल्या स्थिर राहीना. तीनपर्यंत आला की ती खोडामागे जाई. मग त्याचे लक्ष देवळीतल्या गोफणीकडे गेले आणि त्याने हट्ट धरला.

आई खांबाचा आधार घेऊन उठली. गोफणीचा फास बोटात अडकविला, दुसरे टोक मुठीत धरले. खोळीत खडा घातला नाही. डोक्यावरून दोन फेरे दिले आणि टोक सोडले. चाबकासारखा कडाड आवाज झाला. पेरूतले सातभाई उडाले, होले उडाले, विहिरीवरचा दयाळही गेला, खार सरसर शेंड्याला पोचली. पोरगा आ वासून पाहात राहिला. भाऊ आतून धावत बाहेर आला, काय फुटले म्हणून.

आई दम लागून खाली बसली. हसत होती. मग परातीतली ज्वारी तिने ओंजळीने अंगणात टाकली आणि कडूनिंबाकडे पाहून म्हणाली, "या आता. झालं."

सातभाई पहिल्यांदा आले.